एका गोळीचा जमाखर्च

आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी औषधांची एक डबी असते. सात खणांची, सोमवार ते रविवार. आमच्या वयाच्या माणसांच्या घरात ती आता देव्हाऱ्याइतकीच ठरलेली वस्तू झाली आहे. पूर्वी पाहुणा आला की आपण मुलांचे परीक्षेतले गुण सांगायचो, आता एकमेकांना गोळ्या सांगतो. 'तुम्हाला बीपीची कुठली?' 'साखरेची एकदा की दोनदा?' या गप्पांत एक गोळी हमखास निघते. तिचं नाव घेताना माणूस आवाज जरा खाली आणतो आणि किंचित अभिमानानं म्हणतो, 'आणि ती एक, रक्त पातळ करायची.'

ती गोळी म्हणजे ॲस्पिरिन. इवलीशी, बहुधा ७५ मिलिग्रॅमची, आणि इतकी स्वस्त की तिला औषध म्हणायला मन तयार होत नाही. या गोळीशी माझे तीन वर्षं घरोब्याचे संबंध होते. ते कसे जुळले, कसे तुटले आणि तुटल्यावर मी आणखी एका भल्या माणसाला कसा गोत्यात घालत होतो, ते आज सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जमंजुरीच्या टेबलावर. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. यांतली कुठलीच पात्रता दुसऱ्याला औषध सुचवायला पुरेशी नाही, हे समजायला मला वयाची चौसष्ट वर्षं लागली.

२०१८ साली निवृत्त झालो आणि रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्या एका टोळक्यात सामील झालो. निवृत्त मास्तर, पाटबंधारे खात्यातले इंजिनीअर, एक वकील, एक दुधाचे व्यापारी आणि मी. फिरणं कमी, बोलणं जास्त. रविवारी फिरण्याचं पुण्य मिसळीच्या कटात बुडवून घरी यायचं, असा आमचा नेम. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्यातले इंजिनीअर गेले. रात्री नीट जेवले, बातम्या पाहिल्या, पहाटे छातीत कळ आली आणि रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी कादंबऱ्यांत तीन माणसं हृदयविकारानं मारली आहेत. एका परिच्छेदात माणूस संपवून पुढच्या प्रकरणाकडे वळणं कागदावर फार सोपं असतं. इथे मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्याच्या कट्ट्यावर एक जागा रिकामी होती आणि तिथे कुणी बसेना.

आठवडाभरानं मास्तर म्हणाले, 'आपण सगळ्यांनी ती ॲस्पिरिन सुरू करूया. माझा पुतण्या अमेरिकेत आहे. तिकडे पन्नाशी ओलांडली की सगळे घेतात.' औषधाच्या दुकानात कुणी चिठ्ठी मागितली नाही. चौघांनी चार पाकिटं घेतली, दुधाच्या व्यापाऱ्यांनी सुट्टे पैसे दिले. मला तेव्हा रक्तदाब नव्हता, मधुमेह नव्हता, छातीत कधी दुखलं नव्हतं. पण भीती होती आणि भीतीला काहीतरी गिळायला हवं होतं.

आज मागे वळून पाहताना माझं मलाच नवल वाटतं. बँकेत माझ्यासमोर कुणी बसून म्हणाला असता, 'साहेब, शेजाऱ्याला कर्ज मिळालंय, तेव्हा मलाही द्या,' तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता. तुझं उत्पन्न काय, तारण काय, जामीन कोण, आधीची थकबाकी किती, हे विचारल्याशिवाय मी एका रुपयावर सही केली नाही. आणि स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र एका इतिहासाच्या मास्तरांच्या पुतण्याच्या भरवशावर बेमुदत मंजुरी देऊन मोकळा झालो.

तीन वर्षं काही झालं नाही. मग गुडघा दुखू लागला. त्यासाठी एक दुखण्याची गोळी सुरू केली, तीही अशीच, वकीलसाहेबांच्या सल्ल्यानं. २०२२ च्या दिवाळीनंतर तीन-चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. मी त्याचं खापर फराळावर फोडलं. दम लागत होता, तो वयावर ढकलला. एका दुपारी वाचत बसलो होतो. उठलो, घामानं चिंब झालो आणि न्हाणीघराच्या दारातच कोसळलो. हिनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, एवढंच आठवतं.

हिमोग्लोबिन ६.८ होतं. रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. दुर्बीण घालून पाहिल्यावर जठरात एक व्रण निघाला, त्यातून रक्त पाझरत होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेशेजारी बसून विचारलं, 'काका, ही ॲस्पिरिन तुम्हाला कुणी दिली?'

'मास्तरांनी.'

'कोण मास्तर?'

'इतिहासाचे.'

त्या हसल्या नाहीत. ही हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या बाईंनी मला जे समजावलं ते मी आधी समजून घेतलं असतं तर तीन पिशव्या वाचल्या असत्या. ॲस्पिरिननं रक्त पातळ होत नाही. आमटीत पाणी ओतावं तसं तिथे काही घडत नाही. आपल्या रक्तात बिंबाणू असतात. डेंग्यूच्या साथींमुळे घरोघरी जे 'प्लेटलेट्स' म्हणून माहीत झाले आहेत तेच. कुठे कापलं की ते धावत येतात, एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. येताना ते थ्रॉम्बोक्झेन नावाचं एक रसायन सोडतात, ते म्हणजे बाकीच्यांना आवतण. ॲस्पिरिन हे आवतण बंद करतं. आणि एकदा बंद केलं की त्या बिंबाणूपुरतं कायमचं, कारण बिंबाणूला केंद्रक नसतं, बिघडलेलं यंत्र त्याला नव्यानं बनवता येत नाही. तो आठ-दहा दिवस जगतो आणि तेवढे दिवस मुकाच राहतो. म्हणून डोकेदुखीला तीनशे मिलिग्रॅम लागतात तिथे या कामाला पाऊणशे पुरतात. आणि म्हणूनच शस्त्रक्रियेआधी ही गोळी थांबवायची असं डॉक्टरांनी ठरवलं, तर ती आदल्या रात्री नव्हे, काही दिवस आधी थांबवावी लागते.

हृदयाच्या धमनीत चरबीचा थर साचलेला असतो. एक दिवस त्याला तडा जातो. बिंबाणूंना वाटतं, जखम झाली. ते बिचारे इमानानं धावत येतात आणि धमनीच बुजवून टाकतात. झटका म्हणतात तो बहुतेक वेळा हा असा असतो. तिथे बिंबाणूंना मुकं करणं फायद्याचं. पण त्याच जातीची यंत्रणा आपल्या जठराच्या अस्तराची राखण करत असते, ॲस्पिरिन तीही मोडतं. म्हणजे एकाच वेळी भिंत कच्ची आणि गवंडी संपावर. त्यात मी गुडघ्याची गोळी घालून भिंतीवर दुसरी कुदळ मारत होतो. 'पण माझ्या गोळीवर तर वेष्टण होतं, ती पोटात विरघळत नाही,' असं मी मोठ्या तज्ज्ञपणे म्हणालो. त्या म्हणाल्या, 'काका, ती रक्तातून फिरून परत पोटाकडेच येते.'

घरी आल्यावर महिनाभर विश्रांती होती. बँकेतली खोड, कागद मागवल्याशिवाय चैन पडेना. भाच्याकडून या गोळीचा सगळा इतिहास मागवला आणि एखाद्या बुडीत खात्याची फाईल वाचावी तसा वाचून काढला.

मूळ वाळुंजाच्या कुळातलं. आपल्याकडे नदी-ओढ्याच्या काठी वाळुंजाचं झाड असतं, त्याचे युरोपातले भाऊबंद म्हणजे विलो. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की, विलोच्या सालीची पूड हिवतापासारख्या तापावर मी पन्नासेक माणसांना दिली आणि ती चांगली लागू पडली. साल चाखली तेव्हा तिचा कडूपणा त्याला सिंकोनाची आठवण करून देणारा वाटला, एवढंच निमित्त. १८९७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध स्वरूपात ते रसायन बनवलं, १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावानं विकलं जाऊ लागलं. पुढची पन्नास वर्षं ती डोकेदुखीची गोळी होती.

खरी रंगत इथून पुढे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक डॉक्टर होते. मोठ्या संस्थेतले संशोधक नव्हेत, साधे दवाखाना चालवणारे. टॉन्सिल काढल्यावर घसा दुखू नये म्हणून ते रोग्यांना ॲस्पिरिन मिसळलेलं च्युइंग गम द्यायचे. त्यातल्या काहींच्या घशातून रक्त थांबेना. चौकशी केली तर ही मंडळी दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त गम विकत घेऊन चघळत होती. दुसऱ्या कुणी गम बंद करून विषय संपवला असता. क्रेव्हन यांच्या मनात आलं, जे गोठणं थांबवतं ते हृदयातली गुठळीही थांबवेल का? त्यांनी आपल्या मध्यमवयीन पुरुष रोग्यांना रोज ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली. १९५० पर्यंत चारशे, १९५६ पर्यंत सुमारे आठ हजार. त्यांत झटका जवळजवळ नाहीच, असं त्यांनी लिहिलं. छापलं ते मिसिसिपी व्हॅलीच्या एका लहानशा वैद्यकीय मासिकात, कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९५७ साली स्वतः क्रेव्हन वारले, हृदयविकारानं.

मला या माणसाविषयी फार आपुलकी वाटते. पण मंजुरी अधिकारी म्हणून मला त्यांच्या फाईलवर शेरा मारावा लागेल. ज्यांना गोळी दिली नाही अशांची यादीच त्यांनी ठेवली नव्हती. मी ज्यांना कर्ज दिलं ते सगळे फेडताहेत, हे ठीक. पण मी छाननी न करता दिलं असतं तरी त्यांतल्या कितींनी फेडलं असतं? हे कळल्याशिवाय माझ्या छाननीची किंमत काय? क्रेव्हन यांचा अंदाज बरोबर होता, पुरावा मात्र कच्चा होता. आमच्या मास्तरांचंही पाऊल तिथेच चुकलं, फरक एवढाच की मास्तरांचा अंदाजही आमच्यापुरता चुकीचा होता.

१९७१ मध्ये लंडनला जॉन वेन यांनी ॲस्पिरिन शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाही, हे दाखवून दिलं. या रसायनांवरच्या कामासाठी १९८२ चं नोबेल त्यांना दोघा स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. मग यादी ठेवून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोगी वाटून, मोठाल्या चाचण्या झाल्या. त्यांतली १९८८ ची एक, आयसिस-२ या नावाची, मला फार आवडली. नुकताच झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रोगी, ४१७ रुग्णालयं. निम्म्यांना महिनाभर रोज ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच आठवड्यांत पोकळ गोळीवाल्यांत शंभरात ११.८ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानं दगावले, ॲस्पिरिनवाल्यांत ९.४. एवढ्या स्वस्त गोळीला एवढं यश क्वचितच मिळालं असेल.

हा अहवाल छापणाऱ्या 'लॅन्सेट'च्या संपादकांनी संशोधकांना म्हटलं, वेगवेगळ्या गटांचे आकडेही द्या. म्हणजे वयानुसार, अमक्यानुसार, तमक्यानुसार. संशोधकांचं म्हणणं, असे लहान लहान तुकडे पाडले की आकडे काहीही बोलू लागतात. ते पटवून देण्यासाठी त्यांनी रोग्यांची राशीवार विभागणी करून अहवालात घातली. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक निघालं, बाकीच्यांना उत्तम! आमच्या हिची रास तूळ. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, 'मग मी आधीपासून नको म्हणत होते ते काय उगीच?' (त्यांच्या राशी सूर्याच्या, आपल्या चंद्राच्या, हे सांगून मी वाद वाढवला नाही.)

आता हिशेबाकडे येतो. माझी सगळी चूक या हिशेबाच्या दोन पानांत आहे.

जुन्या सगळ्या मोठ्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून २००९ साली एक ताळेबंद प्रसिद्ध झाला. पहिलं पान, ज्यांना आधीच हृदयाचा झटका किंवा गुठळीमुळे पक्षाघात होऊन गेला आहे त्यांचं. अशा हजार लोकांत वर्षाला ८२ जणांवर पुन्हा गंभीर प्रसंग ओढवत होता. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ६७ जणांवर. हजारी पंधरा माणसं वाचली. रक्तस्रावाचा खर्च वजा केला तरी जमा भक्कम राहते.

दुसरं पान धडधाकट लोकांचं, म्हणजे माझं. इथे हजाराचा हिशेब पुरत नाही, दहा हजारांचा मांडावा लागतो. दहा हजारांत वर्षाला ५७ जणांवर गंभीर प्रसंग. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ५१ जणांवर. सहा वाचले. आणि पोटातला किंवा मेंदूबाहेरचा इतर मोठा रक्तस्राव झाला तो सातऐवजी दहा जणांना. गोळी तीच, कंपनी तीच, डोसही जवळपास तोच. पण ज्याचं घर एकदा पेटून गेलंय त्यानं विम्याचा हप्ता भरणं वेगळं आणि ज्याचं घर दगडी आहे त्यानं तोच हप्ता रक्तानं भरणं वेगळं.

पुढे तर दुसऱ्या पानावरची जमा आणखी रोडावली. लोकांच्या सिगारेटी कमी झाल्या, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची चांगली औषधं आली, त्यामुळे ॲस्पिरिनसाठी वाचवण्याजोगं उरलंच कमी. २०१८ मध्ये तीन मोठे अहवाल आले. त्यांतल्या ॲस्प्री नावाच्या चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ वृद्ध होते, बहुतेक सत्तरीपुढचे, हृदयरोग नसलेले. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन त्यांचं धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. मधुमेह्यांवरच्या दुसऱ्या चाचणीत सात-साडेसात वर्षांत शंभरात साधारण एक जण झटक्यासारख्या प्रसंगातून वाचला आणि साधारण एकालाच जास्तीचा मोठा रक्तस्राव झाला. बँकेच्या भाषेत, ना नफा ना तोटा. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी सांगितलं की, झटका न आलेल्या सत्तरीपुढच्या माणसांना ही गोळी सरसकट देऊ नका. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी सल्लागार मंडळानं साठीपुढच्यांना ती रोगप्रतिबंध म्हणून नव्यानं सुरू करू नका असं म्हटलं. चाळीस ते एकोणसाठ वयात धोका जास्त असेल तर डॉक्टरांनी एकेका माणसाचा विचार करून ठरवावं. म्हणजे मास्तरांनी 'तिकडे सगळे घेतात' असं २०१९ च्या पावसाळ्यात सांगितलं, त्याच्या आधीच 'तिकडे' विचार बदलला होता. पुतण्यानं काकांना कळवायचं राहून गेलं.

इथवरचं वाचून एखादे वाचक उठून डबीतली गोळी काढून टाकायच्या विचारात असतील तर त्यांनी कृपा करून खाली बसावं. कारण आता अण्णांची गोष्ट सांगायची आहे.

अण्णा माझे मेहुणे, हिचे थोरले बंधू. इचलकरंजीत यंत्रमाग, माणूस मोकळा, जेवणारा, जेवू घालणारा. २०२० साली त्यांना झटका आला, दोन स्टेंट बसले. तेव्हापासून इतर औषधांबरोबर ॲस्पिरिन कायमची. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या नातीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे जमलो. मी तोवर या विषयातला प्रवचनकार झालो होतो. जेवणं झाल्यावर पानाच्या तबकाभोवती बसून मी माझं कोसळणं, तीन पिशव्या, अमेरिकेचा निर्णय, सगळं रंगवून सांगितलं. कादंबरीकाराला श्रोते मिळाले की काय होतं ते सांगायला नको. शेवटी म्हणालो, 'ती गोळी म्हणजे फुकटचं दुखणं. मी बंद केली, सुटलो.' वर्तमानपत्राची दोन कात्रणंही खिशात होती. एकाचा मथळा असा होता की वाचणाऱ्याला वाटावं, ॲस्पिरिन कुणालाच उपयोगी नाही.

अण्णा काही बोलले नाहीत. सुपारी कातरत ऐकत होते.

सतरा दिवसांनी वहिनींचा हिला फोन आला. आठवड्याची डबी भरताना त्यांच्या लक्षात आलं की, त्या एका पाकिटातल्या गोळ्या संपतच नाहीत. विचारलं तर अण्णा म्हणाले, 'दाजींनी सांगितलंय. बँकेतला माणूस आहे, चौकशी केल्याशिवाय बोलायचा नाही.'

ते वाक्य हिनं मला जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे एक शब्द बोलली नाही. त्या रात्री मी कोल्हापूर ते इचलकरंजी असा गाडी हाकत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या डॉक्टरांसमोर आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे उभे. डॉक्टरांनी अण्णांना थोडं आणि मला बरंच झापलं. धमनीत बसवलेली जाळी शरीराला परकीच वाटते, तिच्यावर बिंबाणू चिकटायला टपलेले असतात. अशा माणसाची गोळी बंद करायची झाली तर ती फक्त त्याच्या डॉक्टरांनी, असं त्यांनी तीनदा सांगितलं. अण्णांना काही झालं नव्हतं. तपासणी ठीक निघाली. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, 'जाऊ द्या दाजी, झालं तर काहीच नाही ना?'

मला ते मान्य नव्हतं, अजून नाही. बँकेत चुकीच्या मंजुरीतला माणूस नशिबानं पैसे फेडतो, तेव्हा ऑडिटवाले मंजुरीला बरोबर म्हणत नाहीत. मी अण्णांना त्यांच्या पानावरचा हिशेब सोडून माझ्या पानावरचा वाचून दाखवला होता. मास्तरांनी मला जे केलं तेच मी उलट दिशेनं अण्णांना केलं. मास्तरांकडे निदान कात्रणं नव्हती.

वर्तमानपत्रांचा यात दोष आहे, हे मी वर्तमानपत्रातच लिहितो आहे. एका वर्षी 'ॲस्पिरिन घ्या, झटका टाळा', पुढे 'ॲस्पिरिन निरुपयोगी'. दोन्ही मथळ्यांत एकच शब्द गाळलेला असतो: कुणाला? तो शब्द घातला तर मथळा लांबतो आणि बातमी थंड पडते, हे मला समजतं. पण २०२३ साली ५१ देशांतल्या पाहण्यांचे आकडे आले त्यांत असं दिसलं की, ज्यांना आधी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी ही गोळी खरोखर आहे, त्यांतले जेमतेम चाळीस टक्के लोक ती घेतात, आणि गरीब देशांत तर फारच कमी. इकडे रंकाळ्यावरचे आम्ही चौघं धडधाकट लोक मात्र नेमानं घेत होतो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या आणखी दोन-चार गोष्टी घरातल्या माणसांसाठी इथे टाकून ठेवतो. अचानक छाती भरून आली, घाम फुटला, कळ हातात-जबड्यात गेली तर आधी १०८ ला फोन. तिथून किंवा डॉक्टरांकडून सांगितलं तर साधी ॲस्पिरिन चावून खायची, गिळायची नाही, म्हणजे ती लवकर रक्तात उतरते. मात्र ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर तसं आधी सांगायचं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर घरी ॲस्पिरिन अजिबात द्यायची नाही, कारण पक्षाघात गुठळीनं होतो तसा रक्तस्रावानंही होतो आणि तो कुठला हे मेंदूचं स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यातल्या तापावर ती नको, डेंग्यू असला तर आधीच प्लेटलेट्स घटलेल्या असतात. लहान मुलांच्या तापावर तर नकोच. उलट माझ्या भाचीला गरोदरपणात डॉक्टरांनी हीच गोळी कमी प्रमाणात दिली होती, रक्तदाब वाढून गुंतागुंत होऊ नये म्हणून. तेव्हा मी तोंड मिटून बसलो, एवढी सुधारणा माझ्यात झाली आहे.

रंकाळ्याचं टोळकं अजून जमतं. मास्तरांनी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली. वकीलसाहेबांच्या तपासणीत धमनीत अडथळा निघाला, त्यांची चालू राहिली. दुधाचे व्यापारी काय करतात ते सांगत नाहीत.

मी अण्णांना रोज रात्री साडेनऊला फोन करतो. दोन वर्षं झाली. पहिले काही महिने 'जेवण झालं का, माग कसे चाललेत,' असं करत विषयावर यायचो. आता तेवढंही उरलं नाही.

'घेतली?'

'घेतली, दाजी.'

आणि फोन ठेवतो. परवा वीज गेली होती म्हणून पंधरा मिनिटं उशीर झाला, तर तिकडूनच फोन आला. वहिनी होत्या. म्हणाल्या, 'भाऊजी, गोळी हातात धरून बसलेत. तुमचा फोन आल्याशिवाय घेत नाहीत.'